तेवीस बाइट

डंडी, पंच्याऐंशीचा हिवाळा.
मर्डोच्या स्वयंपाकघरात, टेबलाच्या कडेला,
रबरी बटणांचं ते यंत्र. वहीएवढं.
पोरांनी राक्षस मारावेत म्हणून बनवलेलं,
आमच्याच गावच्या कारखान्यात,
बहुधा मर्डोच्या बहिणीच्या हाताखालून गेलेलं.
आणि आम्ही त्याच्याकडे मागत होतो
पत्रव्यवहार, जमाखर्च, पत्त्यांची वही.
तिन्ही एका कॅसेटवर.

बँकेतला त्याचा मेव्हणा हसला:
याला कपाटाएवढं यंत्र लागतं.
मर्डो म्हणाला, कपाटात निम्मी हवाच असते.

मी अठरा वर्षं ज्यूट गिरणीच्या पगारखात्यात काढलेली.
अठ्ठेचाळीस हजार हा आकडा
मला आधी श्रीमंत वाटला होता.
मग कळलं, सात हजार तर पडदाच खातो,
पहिल्या पंगतीला बसून,
आणि वर काळं तोंड करून आपल्याकडे बघत राहतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
आम्ही आधी पाय पसरले,
मग रात्र रात्र अंथरुणाची शिवण उसवत बसलो,
कुठे बोटभर कापड दुमडलेलं सापडतं का बघत.

‘स्वागत असो’ पहिल्याच आठवड्यात गेलं.
पगारखात्यातही कुणी या-बसा म्हणत नसे.
‘खरंच पुसायचं का?’ हे मोडून
नुसतं प्रश्नचिन्ह ठेवलं.
त्याचा धाक वाक्यापेक्षा जास्त.
पत्त्यातला देश गेला. कोण लिहिणार होतं परदेशी?
भागाकार मात्र मी सोडला नाही.
मर्डो म्हणे, वजाबाकी करत बसू दे की त्यांना.
तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही,
चौथ्या दिवशी त्याचा भागाकार माझ्यापेक्षा
अकरा बाइटनी लहान निघाला.

यंत्र तापलं की त्याच्या पाठीवर
फ्रीजमधला दुधाचा पुडा ठेवायचा,
आणि पहाटे त्याच दुधाचा चहा.
कॅसेटची किंकाळी भिंतीपलीकडे जायची,
शेजारीण झाडूच्या दांड्याने उत्तर द्यायची.

पहिलं गिऱ्हाईक आर्ब्रोथचा वॉटी इमरी,
कबुतरांच्या शर्यतींच्या मंडळाचा चिटणीस.
त्याचं पत्र आलं, पेन्सिलीने, रेघा मारून:
सगळं छान आहे, मिसेस लेअर्ड,
पण पक्ष्याचा वेग मिनिटाला इतके यार्ड,
दशांशानंतर तीन घरं लागतात.
तुमचं यंत्र तिसरं घर खातं.
त्या घरावरून आमच्याकडे दोन भाऊ
सात वर्षं एकमेकांच्या दारात गेले नाहीत.

तिसऱ्या घराला एकवीस बाइट हवे होते.
आम्ही खिसे उलटे केले. चार मिळाले, तेही उसने.
मर्डोने बोट ठेवलं
सुरुवातीच्या ओळीवर:
त्याचं नाव, माझं नाव, मधे जोडचिन्ह, शेवटी साल.
तेवीस.

मी चहा ओतला. त्याने बिस्कीट बुडवलं, ते तुटलं.
पुसू? त्याने विचारलं.
त्या वेळी पडद्यावर
आमचंच प्रश्नचिन्ह लुकलुकत होतं.

उरलेले दोन बाइट मर्डोने
पुढच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवले.
पुढची दुरुस्ती झाली नाही.
वर्षभरात ऑफिसांतून मोठी यंत्रं आली,
खिडक्यांतून कपाटं आत घ्यावी तशी,
आणि आमच्या तीनशे कॅसेटी
मर्डोच्या गॅरेजमध्ये राहिल्या. त्यावर रंगाचे डबे.

वॉटीचा मात्र दर जूनला फोन येई.
फ्रान्समधून, रेनहून पक्षी सोडले की
तो कॅसेट लावायचा, आणि मग अंगणात जायचा.
एकदा इतका हसत होता
की मला वाटलं, खोकला आहे.
“पाचशेच्या वर मैल उडून आली ती, मिसेस लेअर्ड,
छपरावर उतरली, पाणी प्यायली,
आणि तुमचं अजून
अर्धं सुद्धा लोड झालेलं नाही!”

मग म्हणाला, थांबा, फोन ठेवू नका.
मी ऐकत राहिले:
लांबून कॅसेटची ती किंकाळी,
आणि तिच्या जवळ, बेफिकीर,
कुणाचं तरी घुमणं.